वीस रात्रींचा मुक्काम, नऊ रात्रींचे काम: खुब्याच्या फ्रॅक्चरचे एक प्रकरण

खुब्याचे हाड मोडलेल्या ७६ वर्षांच्या बाई. रुग्णालयात एकूण २० रात्री. वॉर्डाच्या नोंदवहीत विलंबाचे कारण एका ओळीत लिहिलेले आहे: "नातेवाईकांची घरी नेण्याची तयारी नाही, ५ दिवस." उरलेल्या १५ रात्री उपचारांच्या खात्यात जमा. फाइल पानापानाने वाचायला घेतली की हा हिशेब टिकत नाही. त्या १५ पैकीही ६ रात्री टाळता आल्या असत्या आणि शेवटच्या ५ रात्रींचे मूळ पहिल्या ४८ तासांत सापडते.

ही फाइल कुणा एका रुग्णाची नाही. अस्थिरोग विभागात आणि वृद्धांच्या वॉर्डात वारंवार दिसणारा घटनाक्रम एका रुग्णाच्या रूपात मांडला आहे. दाखल झाल्याचा दिवस पहिला धरला असून तो गुरुवार आहे. प्रत्येक दिवसाचा वार सोबत दिला आहे, कारण यातले निम्मे विलंब वार पाहिल्याशिवाय समजत नाहीत.

घटनाक्रम

गुरुवारी संध्याकाळी बाई घरात पाय घसरून पडल्या. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचे खुब्यालगत फ्रॅक्चर. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. पडण्याआधी काठीशिवाय चालत, जिना एकट्या चढत. घरी मुलगा आणि सून, दोघेही नोकरी करणारे. झोपायची खोली वरच्या मजल्यावर. घराबद्दलच्या या गोष्टी फाइलमध्ये पहिल्यांदा लिहिल्या गेल्या त्या १६व्या दिवशी.

शुक्रवारी, दुसऱ्या दिवशी, भूलतज्ज्ञांना तपासताना हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज, जो झडपेच्या दोषानेही येतो) ऐकू आली. त्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितली. फॉर्म दुपारी खाली गेला. शनिवारी-रविवारी इको विभागात फक्त तातडीच्या तपासण्या होतात आणि फॉर्मवर 'तातडीचे' असे लिहिलेले नव्हते. इको झाली सोमवारी दुपारी. वयोमानाने झडप थोडी जाड झालेली, पण अरुंद नाही, हृदयाचे आकुंचन चांगले. भुलीचा बेत होता तोच राहिला. हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी मत संध्याकाळी आले. मंगळवारी, सहाव्या दिवशी, मांडीच्या हाडात नेल (धातूची दांडी) घालून ऑपरेशन झाले.

बुधवारी फिजिओथेरपिस्टने त्यांना पलंगाच्या कडेला बसवले, उभे केले नाही. गुरुवारी रात्री बाई गोंधळल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या, झोपेचे इंजेक्शन दिले गेले. शुक्रवारी दिवसभर गुंगीत. शनिवारी, १०व्या दिवशी, ताप. लघवीची नळी दाखल झाल्यापासून तशीच होती; तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. शिरेतून अँटिबायोटिक सुरू. सोमवारी, १२व्या दिवशी, ताप उतरला आणि कल्चरचा (जंतू कोणता, हे पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्टही आला. औषध मात्र शिरेतूनच १६व्या दिवसापर्यंत चालू राहिले. मधल्या काळात, १४व्या दिवशी, बाई वॉकर घेऊन एका माणसाच्या आधाराने वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या.

शुक्रवारी, १६व्या दिवशी, राउंडला डॉक्टर म्हणाले, "आता घरी नेऊ शकता." तिथून प्रत्यक्ष घरी जायला आणखी ५ रात्री लागल्या. २१व्या दिवशी, बुधवारी, सकाळी ९ वाजता डिस्चार्ज ठरला आणि बाई संध्याकाळी ६ वाजता बाहेर पडल्या.

पहिल्या तीन रात्री: अहवालाने काय बदलणार होते?

खुब्याच्या फ्रॅक्चरचे ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावे, ही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस आहे. इथे थोडी ढील देऊन शनिवार, म्हणजे तिसरा दिवस, हे शक्य असलेले उद्दिष्ट धरू. शनिवारी तातडीचे ऑपरेशन थिएटर चालूच असते. ऑपरेशन झाले सहाव्या दिवशी. तीन रात्री गेल्या.

भूलतज्ज्ञांची शंका निराधार नव्हती. महाधमनीची झडप खरोखर अरुंद असेल तर मणक्यातल्या भुलीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पण या शंकेला दोन उत्तरे आहेत. एक, झडप अरुंद आहे असे गृहीत धरून भूल द्यायची: धमनीतून सतत रक्तदाब मोजायचा, औषधांच्या मात्रा हळूहळू वाढवायच्या. दुसरे, पलंगाशेजारी दहा मिनिटांत होणारी मर्यादित इको करून घ्यायची. सविस्तर इकोसाठी ऑपरेशन थांबवू नये, असे ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. थांबण्याजोगी कारणे त्यांनी आकड्यांत दिली आहेत: हिमोग्लोबिन ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर, आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदय निकामी होण्याची ताजी लक्षणे, दुरुस्त करता येईल असा १२० पेक्षा जास्त गतीचा अनियमित ठोका, सेप्सिससह (संसर्गामुळे शरीरभर झालेल्या बिघाडासह) छातीचा संसर्ग, उलटवता येणारा रक्त गोठण्याचा दोष. या बाईंना यातले काहीच नव्हते. ही यादी प्री-ऑपरेटिव्ह फॉर्मवरच छापून ठेवली तर निम्मे वाद संपतात.

तपासणी मागवताना एक प्रश्न लेखी विचारायला हवा: रिपोर्ट कसाही आला तरी आपण वेगळे काय करणार आहोत? उत्तर 'काही नाही' असेल तर ती तपासणी ऑपरेशनच्या आड येता कामा नये. आणि उत्तर 'बरेच काही' असेल तर फॉर्मवर 'तातडीचे, ऑपरेशन यावर अडले आहे' हे शब्द हवेत, शिवाय फोनही. मुकाट्याने ट्रेमध्ये टाकलेला फॉर्म शुक्रवारी दुपारनंतर सोमवारपर्यंत कुणी उघडत नाही.

या तीन रात्रींत बाई नुसत्या पडून नव्हत्या. ऑपरेशन होईल या आशेने त्यांना दोनदा उपाशी ठेवून ते पुढे ढकलले. वेदनेमुळे कूस बदलत नव्हत्या. लघवीची नळी त्याच कारणाने ठेवली आणि तीच पुढे संसर्गाला कारण झाली.

फाइलमध्ये नसलेली ओळ

या प्रकरणातला सर्वांत स्वस्तात टाळता येणारा विलंब इथे आहे. नेल घातल्यानंतर वृद्ध रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उभे करायचे आणि सोसवेल तेवढे पूर्ण वजन पायावर टाकू द्यायचे, ही रूढ पद्धत आहे. वृद्ध माणसाला 'अर्धेच वजन टाका' म्हटले तर ते पाळणे जमत नाही, तो चालतच नाही. सर्जनच्या मनात हे स्पष्ट होते. ऑपरेशनच्या नोंदीत मात्र नेलची लांबी, स्क्रूची संख्या, रक्तस्राव सगळे होते. वजन टाकण्याबद्दल ओळ नव्हती.

फिजिओथेरपिस्टने बुधवारी फाइल पाहिली. लेखी परवानगी नाही म्हणून पलंगावरचेच व्यायाम करून घेतले आणि "वजन टाकण्याबाबत कृपया कळवावे" अशी नोंद केली. गुरुवार सर्जनचा ऑपरेशनचा दिवस. निवासी डॉक्टरने नोंद वाचली, पण निर्णय आपला नाही म्हणून राउंडपर्यंत थांबला. शुक्रवारी उत्तर मिळाले तेव्हा बाई इंजेक्शनच्या गुंगीत होत्या. शनिवार-रविवार फिजिओथेरपी विभाग बंद. सोमवारी, ऑपरेशननंतरच्या सहाव्या दिवशी, त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या. यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्या मर्यादेत योग्य तेच केले, आणि तरीही पाच दिवस गेले.

पडून राहण्याची किंमत मोजलेली आहे. २००७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवले होते. पायांचे मांसल वजन सरासरी जवळजवळ १ किलोने घटले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. ती माणसे निरोगी होती. हाड मोडलेल्या, वेदनेने नीट न जेवणाऱ्या मधुमेही बाईंना तेवढाच काळ पलंगावर काढावा लागला तर खुर्चीतून उठताही येणार नाही, हे धरून चालावे.

रात्रीचा गोंधळ त्याच साखळीतला. वेदना, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता, अपुरी झोप, नळ्या, घरी राहिलेला चष्मा: यातले काय आहे ते आधी शोधायचे असते. असा गोंधळ ओळखणारी ४एटी नावाची चाचणी दोन मिनिटांत होते. गुंगीचे इंजेक्शन शेवटचा उपाय. ते दिले की दुसऱ्या दिवशीचे चालणे गेलेच.

लघवीची नळी ऑपरेशननंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी काढायची. त्यासाठी रोजच्या तक्त्यात 'नळी आज का हवी?' असा रकाना असावा. उत्तर लिहिता आले नाही तर सिस्टरने डॉक्टरची वाट न पाहता ती काढण्याचा अधिकार लेखी दिलेला असावा.

सलाईन चालू म्हणजे उपचार चालू?

नळीमुळे झालेल्या संसर्गाला प्रतिसाद लवकर मिळाला तर ७ दिवसांचा कोर्स पुरतो. तो ७ दिवसांचा दिला, हे बरोबरच. पण सातही दिवस शिरेतूनच देण्याची गरज नव्हती. ताप २४ तास नाही, रक्तदाब-नाडी स्थिर, तोंडाने खाता-पिता येते, जंतू तोंडाने देता येणाऱ्या औषधाला दाद देतो आणि संसर्ग हाडात किंवा हृदयाच्या झडपेत खोल गेलेला नाही, एवढे जुळले की गोळीवर यावे. बाईंच्या बाबतीत हे १३व्या दिवशी जुळले होते. १४व्या दिवशी त्या आधाराने चालतही होत्या. म्हणजे १४व्या ते १६व्या दिवसांमधल्या दोन रात्री केवळ सलाईनच्या स्टँडमुळे गेल्या.

अशा रात्री हुडकणे अवघड असते, कारण कागदावर त्या निर्दोष दिसतात. मुक्काम गरजेचा होता की नाही हे तपासणारी एक जुनी पद्धत गर्टमन आणि रेस्टुचिया यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत मांडली: अ‍ॅप्रोप्रिएटनेस इव्हॅल्युएशन प्रोटोकॉल. त्यात प्रत्येक दिवसाला निकष लावतात आणि एक निकष पुरा झाला तरी तो दिवस 'योग्य' ठरतो. शिरेतून चाललेला उपचार हा त्यातला एक निकष. तो उपचार आज शिरेतून हवा होता का, हे पद्धत विचारत नाही. त्यामुळे ऑडिट करताना आमचा आग्रह दोन प्रश्नांचा आहे: आज जे झाले ते रुग्णालयाबाहेर करता आले असते का? आणि आज जे झाले त्याने रुग्ण घराच्या दिशेने पुढे सरकला का? ब्रिटनमधल्या 'लाल-हिरवा दिवस' पद्धतीत हीच कसोटी आहे. प्रत्येक दिवस सकाळी लाल असतो, दोन्ही अंगांनी काम झाले तरच तो हिरवा करायचा.

शेवटच्या पाच रात्री

शुक्रवारी सकाळी "घरी नेऊ शकता" असे मुलाला सांगितले तेव्हा त्याच्यासमोर एकदम सहा कामे आली: वॉकर, शौचासाठी कमोडची खुर्ची, खालच्या मजल्यावर पलंग, दिवसा सोबतीला कुणी, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून महिनाभर रोज टोचायचे इंजेक्शन, आणि फेरतपासणीला नेण्याची सोय. त्याने "दोन दिवस द्या" म्हटले. नोंदवहीत 'तयारी नाही' अशी ओळ पडली.

हा शब्दप्रयोग अन्यायकारक आहे. कुटुंबाला तयारीची संधीच १६व्या दिवशी मिळाली. शनिवारी-रविवारी साहित्य मिळाले नाही, सोमवारी मिळाले. मंगळवारी मदतनीस ठरली. दरम्यान सोमवारी फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आले की घरात जायला ४ पायऱ्या आहेत आणि जिन्याचा सराव झालेलाच नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे शिकायला दोन सत्रे पुरतात, पण ती सोमवारी आणि मंगळवारी झाली. विसाव्या दिवशी टाके वॉर्डातच निघाले. टाके खरे तर घरून फेरतपासणीला येऊन काढायचे असतात. ते वॉर्डात निघणे हीच मुक्काम लांबल्याची सगळ्यात स्पष्ट खूण.

यातले एकही काम ऑपरेशन होईपर्यंत थांबण्याजोगे नव्हते. खुब्याचे फ्रॅक्चर दिसले त्याच रात्री माहीत असते की काही आठवडे वॉकर लागेल, जिना जमणार नाही, दिवसा एकटे ठेवता येणार नाही. म्हणून दाखल झाल्यावर २४ तासांत नातेवाईकांसोबत दहा मिनिटे बसून पुढील गोष्टी एका पानावर घ्याव्यात:

- पडण्याआधी रुग्ण काय काय एकट्याने करत होता: चालणे, अंघोळ, शौच, जिना.
- घरी किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला, झोपायची आणि शौचाची जागा एकाच मजल्यावर आहे का.
- दारांची रुंदी. वॉकर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. स्नानगृहाचे दार त्याहून अरुंद निघाले तर ते घरी पोहोचल्यावर कळू नये. फोनवर काढलेले फोटो आणि टेपने घेतलेले माप पुरते.
- पलंगाची उंची. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकले पाहिजे आणि गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये.
- दिवसा सोबत कोण, रात्री कोण, इंजेक्शन कोण शिकणार.
- अपेक्षित डिस्चार्जची तारीख. इथे ती १०वा दिवस, शनिवार, अशी लिहिली गेली असती.

तारीख चुकू शकते, म्हणून ती लिहायची नाही असा संकोच डॉक्टरांमध्ये दिसतो. तारीख चुकली तरी चालेल. ती चुकली की का चुकली हे त्याच दिवशी विचारले जाते, आणि लिहिलेलीच नसेल तर विचारण्यासारखे काही उरत नाही. नातेवाईकही सुटी, साहित्य, मदतनीस त्या तारखेवरून मागे मोजत ठरवतात. रोजच्या राउंडनंतर रुग्णाला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: मला काय झाले आहे, आज-उद्या काय होणार आहे, घरी जाण्यासाठी मला काय जमले पाहिजे, आणि सगळे सुरळीत झाले तर मी कधी जाणार.

नोंदवहीत काय सुटते

हिशेब असा मांडता येतो. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि त्यानंतर ७ रात्री धरल्या तर मुक्काम ९ रात्रींचा. प्रत्यक्षात २०. जादा ११: ऑपरेशनपूर्वी ३, ऑपरेशननंतर घरी जाण्यास 'फिट' ठरेपर्यंत ३, आणि 'फिट' ठरल्यावर ५. ऑपरेशननंतरच्या तीनपैकी दोन शिरेतल्या औषधाच्या, एक उशिरा उभे राहण्याची. ही एक रात्र फसवी आहे. उशिरा उभे राहण्याचा परिणाम तिच्यापुरता थांबला नाही. गोंधळ, संसर्ग आणि पायातली ताकद यांतून तो शेवटच्या पाच रात्रींतही उतरला.

देशोदेशीचे कायदेही याच जागी अपुरे पडतात. स्वीडनने १९९२ च्या सुधारणेत आणि नॉर्वेने २०१२ पासून उपचार संपलेल्या रुग्णाच्या जादा दिवसांचा भार स्थानिक पालिकांवर टाकला, जेणेकरून घरची किंवा निवासी काळजीची व्यवस्था लवकर व्हावी. विचार योग्य आहे. पण यातले घड्याळ डॉक्टरांनी 'तयार' म्हटल्यावर सुरू होते. वॉर्डाच्या आत, निरनिराळ्या विभागांच्या दारात गेलेल्या सहा रात्री त्यात येत नाहीत.

खाटांवर याचा परिणाम सरळ गुणाकाराने निघतो. भरलेल्या खाटांची सरासरी म्हणजे रोज येणारे रुग्ण गुणिले सरासरी मुक्काम. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला हाच नियम. असा एक रुग्ण रोज येत असेल तर २० रात्रींच्या मुक्कामाला २० खाटा कायम अडतात, ९ रात्रींच्या मुक्कामाला ९. अपघात विभागात ट्रॉलीवर ताटकळणारा रुग्ण बहुतेक वेळा या ११ खाटांची वाट पाहत असतो.

डिस्चार्जचा दिवस

२१वा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. ९ वाजता निर्णय. निवासी डॉक्टर ओपीडीत गेले. समरी (डिस्चार्जच्या वेळी देण्याचा उपचारांचा सारांश) १ वाजता लिहायला घेतली, २ वाजता सही झाली. समरीशिवाय फार्मसी औषधे देत नाही आणि बिल विभाग फाइल बंद करत नाही, म्हणून दोन्ही कामे २ नंतर, एकामागून एक. विम्याच्या मंजुरीला पावणेदोन तास. ४ वाजता सुनेला इंजेक्शन टोचायला शिकवले, घाईत, एकदाच. साडेपाचला गाडी. रिकाम्या खाटेवर पुढचा रुग्ण रात्री आला.

निर्णय सकाळी झाला खरा, पण मंगळवारी दुपारीच सगळ्यांना माहीत होते की बाई बुधवारी जाणार. समरीचा मसुदा मंगळवारी तयार होऊ शकत होता. किंबहुना तो दाखल झाल्यापासून रोज चार ओळींनी वाढत जावा. औषधांची जुळवणी, म्हणजे घरच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणती चालू, कोणती बंद, कोणती नवी, हे काम आदल्या संध्याकाळी. विम्याची कागदपत्रे आदल्या दिवशी. इंजेक्शन सुनेने आदले तीन दिवस सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतः टोचलेले असावे. फेरतपासणीची तारीख, जखमेची काळजी, कोणत्या लक्षणांना परत यायचे (ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, धाप, पाय अचानक आखूड किंवा वाकडा दिसणे) आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे छापील कागदावर. हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध समरीतून सर्रास गळते. पडल्यावर खुबा मोडलेल्या प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या समरीत त्याचा वेगळा रकाना हवा.

मग शेवटच्या सकाळी उरते एवढेच: नाडी, रक्तदाब, तापमान, जखमेवर एक नजर, शिरेतली सुई काढणे, आणि पहिल्या राउंडला सर्वांत आधी याच खाटेपाशी थांबणे.